न्यूयॉर्कमधील आफ्रो-कॅरिबियन स्थलांतरित : राजकीय सहभाग व वांशिक ओळख

जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद, गयाना, हैती इ. प्रदेशांतून न्यूयॉर्क शहरात स्थायिक झालेला कृष्णवर्णीय समाज. पहिले मोठे स्थलांतर साधारणतः विसाव्या शतकाच्या आरंभापासून १९२४ च्या स्थलांतर-निर्बंधक कायद्यापर्यंत झाले व त्याचे मुख्य केंद्र मॅनहॅटनमधील हार्लेम होते. स्थलांतरावरील निर्बंध सैल करणाऱ्या १९६५ च्या कायद्यानंतर आलेले लोक प्रामुख्याने ब्रुकलिनमधील क्राउन हाइट्स व फ्लॅटबुश या भागांत वसले.

या समाजाचे स्वतंत्र राजकारण केव्हा सुरू झाले, याविषयी मतभेद आहेत. सेंट लुशियात जन्मलेले ह्यूलन जॅक १९५३ मध्ये मॅनहॅटन या बरोचे (शहराच्या प्रशासकीय विभागाचे) अध्यक्ष म्हणून निवडून आले. वडील ब्रिटिश गयानाचे व आई बार्बाडोसची अशा शर्ली चिझम १९६८ मध्ये अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या. समाजशास्त्रज्ञ फिलिप कॅसिनिट्झ यांच्या मते जुन्या पिढीचे नेते सर्व कृष्णवर्णीयांचे प्रतिनिधी म्हणूनच वावरले आणि कॅरिबियन म्हणून मते मागण्याचा प्रघात १९८० च्या दशकात पडला. महापौर एड कॉच यांच्याविषयी कृष्णवर्णीय नेतृत्वात तीव्र नाराजी असताना १९८५ च्या निवडणुकीत काही कॅरिबियन पुढाऱ्यांनी कॉच यांच्या समर्थनार्थ वेगळा गट उभारला, ही घटना या मताला पुष्टी देते. मात्र वेगळेपणाची जाणीव त्याहून जुनी असावी. १९१६ मध्ये आलेले जमैकन कृष्णवर्णीय चळवळीचे नेते मार्कस गार्वी यांच्यावर त्यांचे काही कृष्णवर्णीय विरोधक परकेपणाचा ठपका ठेवीत, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

नागरिकत्व घेण्यात व मतदान करण्यात या स्थलांतरितांत दिसणाऱ्या संथपणाचा उलगडा करताना राज्यशास्त्रज्ञ रूएल रॉजर्स मायदेशाशी टिकलेल्या नात्याबरोबरच स्थानिक पक्षयंत्रणेच्या अनास्थेवर बोट ठेवतात. केवळ स्थलांतरितांच्या उदासीनतेला दोष देण्यापेक्षा ही मांडणी अधिक ग्राह्य वाटते. बहुतेक बेटांवर कृष्णवर्णीय बहुसंख्य असल्याने तेथे वर्णभेदाचा अनुभव निराळा असतो. न्यूयॉर्कमध्ये मात्र घर शोधताना किंवा पोलिसांशी गाठ पडताना कोणी मूळचे बेट कोणते हे विचारीत नाही. हैतीय स्थलांतरित ॲबनर लुइमा यांचा १९९७ मध्ये ब्रुकलिनच्या पोलीस ठाण्यात अमानुष छळ झाला, तेव्हा हैतीय व आफ्रिकन अमेरिकन निदर्शक एकत्र रस्त्यावर उतरले.

तरीही प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर ही एकजूट ताणली जाते. १९९१ मध्ये नगर परिषदेच्या जागा ३५ वरून ५१ झाल्या आणि जमैकात जन्मलेल्या ऊना क्लार्क तेथे निवडून आल्या. २००० मध्ये त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या (उमेदवार ठरविणाऱ्या) प्राथमिक निवडणुकीत आफ्रिकन अमेरिकन काँग्रेस सदस्य मेजर ओवेन्स यांना आव्हान दिले, तेव्हा स्थलांतरित विरुद्ध अमेरिकेत जन्मलेले असा वाद उघड झाला. ओवेन्स जिंकले, पुढे २००६ मध्ये ते निवृत्त होत असताना त्यांची जागा ऊना यांच्या कन्या इव्हेट क्लार्क यांनी मिळविली.