लियाट का बुडाली?

पूर्व कॅरिबियनमधली बेटे एकमेकांना जोडणारी 'लियाट' ही विमानकंपनी जानेवारी 2024मध्ये कायमची थांबली. खापर कोविडवर फोडले जाते, पण दुखणे त्याच्या कितीतरी आधीचे आहे.

1956मध्ये एका वैमानिकाने छोट्या पायपर अपाचे विमानातून माँटसेराट ते अँटिग्वा फेऱ्या सुरू केल्या. 1971मध्ये मोठा हिस्सा एका ब्रिटिश कंपनीने घेतला. 1974च्या ऑगस्टमध्ये तीच दिवाळखोरीत गेली आणि कॅरिबियनमधल्या 11 सरकारांनी मिळून लियाट वाचवली.

खरी घसरण पुढची. 2000 साली अँटिग्वातच एका अमेरिकी धनाढ्याने प्रतिस्पर्धी कंपनी काढली. भाड्याच्या चढाओढीत दोघींचे कंबरडे मोडले. 2007मध्ये लियाटने ती विकत घेतली, पण कर्ज काढून. 2013मध्ये जुनी डॅश-8 विमाने बदलून एटीआर आणायला घेतली, तीही ऐन उन्हाळी गर्दीत. फेऱ्या रद्द झाल्या, सामान मागे राहिले. त्यात तिकिटावर दोन्ही टोकांच्या सरकारांचे कर आणि विमानतळशुल्क. तासाभराच्या आतल्या प्रवासाचे तिकीटही त्यामुळे सामान्य माणसाला जड जाई. म्हणजे जी सरकारे मालक, तीच कर लावून गिऱ्हाईक तोडत होती आणि तोटा झाला की पुन्हा पैसे ओतत होती. तेही सगळी नाहीत: विमान अनेक बेटांवर उतरे, भार मात्र अखेरीस मुख्यतः बार्बाडोस, अँटिग्वा, सेंट व्हिन्सेंट आणि डॉमिनिका या चौघांवर.

वाद पेटला तो 2020च्या जूनमधल्या निर्णयावर. कोविडमुळे उड्डाणे थांबलेली असताना कंपनी अवसायनात काढायचे, म्हणजे मालमत्ता विकून बंद करायचे ठरले. बार्बाडोसला आणखी पैसे घालायचे नव्हते. अँटिग्वाला, जिथे मुख्यालय होते, कंपनी जगवायची होती. अँटिग्वाने कंपनी कायद्यात दुरुस्ती केली आणि जुलैत न्यायालयाने कंपनी बंद न करता सावरण्यासाठी प्रशासक नेमला. नोव्हेंबरात मोजक्या कर्मचाऱ्यांवर मोजकी उड्डाणे पुन्हा सुरू झाली.

यात चिरडले गेले ते कर्मचारी. नोकरी संपल्याची भरपाई कायद्याने देणे होते, पण देणार कोण? प्रत्येक सरकार आपल्या वाट्यापुरते बोलत राहिले. अँटिग्वाने अर्ध्याच रकमेची तयारी दाखवली, तीही काही रोख, काही रोख्यांत. संघटनांनी ती नाकारली. बार्बाडोसने आपल्याकडच्या कर्मचाऱ्यांना पैसे दिले. एकाच विमानात काम केलेल्यांना राहत्या बेटानुसार वेगळा न्याय मिळाला, आणि मला हा निर्णयाचा सर्वांत अन्याय्य भाग वाटतो. कोणत्याही सरकारने पूर्ण जबाबदारी आधी घेतली असती, तर आपसातला हिशेब नंतरही करता आला असता.

ऑगस्ट 2024मध्ये अँटिग्वा सरकार आणि एका नायजेरियन विमानकंपनीच्या भागीदारीत 'लियाट 2020' उडू लागली. कायद्याने ही वेगळी कंपनी आहे. कर्मचाऱ्यांची देणी जुन्या कंपनीच्याच नावावर राहिली.