९९ टक्के मांजर, फोटो सायकलचा

न्यूरल नेटवर्कला ‘यंत्राचा मेंदू’ म्हणायची फॅशन आहे. आतला एक न्यूरॉन करतो एवढंच: आलेल्या प्रत्येक आकड्याला त्याच्या वेटने, म्हणजे त्याचं महत्त्व ठरवणाऱ्या आकड्याने, गुणायचं, बेरीज करायची, त्यात बायस नावाचा एक ठरावीक आकडा मिळवायचा, ती ऋण निघाली तर पुढे शून्य पाठवायचं (शेवटच्या थरात मात्र ऋण बेरीज तशीच ठेवतात). हस्तलिखित अंक ओळखणारं छोटं नेटवर्क घ्या. २८ × २८ पिक्सेलच्या चित्राचे ७८४ आकडे, मधे १२८ न्यूरॉन, शेवटी १०. वेट आणि बायस धरून १,०१,७७० आकडे झाले. उत्तर चुकलं की त्या चुकीत कुणाचा किती वाटा हे शेवटच्या थरापासून मागे मोजत यायचं आणि प्रत्येक आकडा किंचित सरकवायचा. हेच बॅकप्रोपगेशन. १९८६ साली रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स या संशोधकांच्या निबंधामुळे ते सर्वदूर पोचलं.

जिथे नियम शब्दांत मांडताच येत नाहीत, तिथे ही पद्धत बेजोड. फोटोतली वस्तू ओळखण्याच्या २०१२च्या इमेजनेट स्पर्धेत अलेक्सनेट या न्यूरल नेटवर्कचं चुकीचं प्रमाण (पाच अंदाजांतही खरं उत्तर नसण्याचं) १५.३ टक्के होतं, दुसऱ्या क्रमांकाचं २६.२.

खरी गोम शेवटच्या थरात आहे. समजा तीनच प्राणी ओळखणाऱ्या नेटवर्कला मांजराचा फोटो दिला आणि मांजर, कुत्रा, ससा यांना ६, १, ० असे गुण मिळाले. गुणांचे टक्के करणारं सूत्र म्हणजे सॉफ्टमॅक्स. तो २.७१८ या संख्येचे तितके घात काढतो: ४०३.४, २.७ आणि १. एकूण बेरजेत मांजराचा वाटा ९९.१ टक्के. आता सायकलचा फोटो दिला आणि गुण आले −८, −१३, −१४. मांजराचा वाटा? पुन्हा ९९.१! कारण सॉफ्टमॅक्स फक्त गुणांमधले फरक बघतो, आणि ते तेच आहेत. शिकवतानाही चूक या टक्क्यांवरूनच मोजतात, म्हणून मूळ गुण किती खाली घसरले याचं नेटवर्कला सोयरसुतक नसतं. ‘यातलं काहीच नाही’ म्हणायला जागाच ठेवलेली नाही. टक्क्यांत बोललं की शास्त्रीय वाटतं, हे ज्योतिषांनाही ठाऊक असतं.

एक उपाय म्हणजे सॉफ्टमॅक्सआधी सगळ्या गुणांना ‘तापमान’ नावाच्या एका आकड्याने भागायचं. ते २ घेतलं तर ९९.१चे ८८.४ टक्के होतात. हे तापमान प्रशिक्षणात न वापरलेल्या नमुन्यांवर ठरवावा, नाहीतर फसगत ठरलेली. पण त्याने फक्त फुशारकी कमी होते, सायकल मांजरच राहते. प्रत्येक वर्गाला स्वतंत्र सिग्मॉइड, म्हणजे इतरांकडे न बघता एकाच गुणाचे टक्के करणारं सूत्र, दिला तर −८चे जेमतेम ०.०३ टक्के होतात. मात्र त्यासाठी नेटवर्क मुळापासून तसं शिकवावं लागतं, आणि तरीही कधी न पाहिलेल्या वस्तूला इतके कमी गुण मिळतीलच याची हमी नाही.