पांढरी सहा ते पांढरी सात

लग्नाच्या रिसेप्शनला 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' लागलं की मला हसू आवरत नाही. अहो, ते निरोपाचं गाणं आहे! अमेरिकी गायिका डॉली पार्टनने ते लिहिलं पोर्टर वॅगनरची साथ सोडताना, आणि तो तिचा प्रियकर नव्हे, कार्यक्रमातला जोडीदार. रेकॉर्ड आली १९७४ साली. १९९२ मध्ये 'द बॉडीगार्ड' या चित्रपटासाठी व्हिटनी ह्यूस्टनने तेच गायलं आणि ते बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १४ आठवडे पहिलं राहिलं.

दोन्ही लागोपाठ ऐका आणि तिसऱ्या कडव्याकडे लक्ष द्या. डॉली तिथे गाणं सोडून चक्क बोलू लागते, समोर बसून समजूत घालावी तशी. व्हिटनी ते कडवं गाते, क्षणभर सगळं थांबतं, ड्रमचा एक दणका बसतो आणि मुखडा वरच्या पट्टीत सुरू होतो. पेटीवाल्यांच्या भाषेत, पांढरी सहाचा, म्हणजे सप्तकातल्या सहाव्या पांढऱ्या पट्टीचा, सा उचलून पांढरी सातवर.

सगळे स्वर बदलले, तरी गाणं तेच कसं? पांढरी सहा ४४० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांची, धरली तर सात येते ४९३.९ वर, म्हणजे ५४ हर्ट्झ वर. खालच्या सप्तकात हीच उडी २२० वरून २४६.९, फक्त २७ हर्ट्झची. कानाला मात्र दोन्ही सारख्याच वाटतात, कारण कान वजाबाकी करत नाही, भागाकार करतो. सप्तक म्हणजे दुप्पट. त्याचे १२ समान भाग पाडायचे तर प्रत्येक स्वर आधीच्याच्या २ च्या बाराव्या मुळाइतका पट, म्हणजे सुमारे १.०५९५. सहा ते सात ही दोन घरं, मधे एक काळी पट्टी; दोन घरं चढलो की त्याचा वर्ग, १.१२२५. गाण्यातल्या प्रत्येक स्वराला याच आकड्याने गुणलं की आपापसातली गुणोत्तरं जशीच्या तशी राहतात. मेंदू चाल ओळखतो ती त्यांच्यावरून.

म्हणूनच '४३२ हर्ट्झचं संगीत रोग बरे करतं' हे फॉरवर्ड आलं (म्हणजे पांढरी सहा ४४० ऐवजी ४३२ वर लावलेली) की मी विचारतो, गायिकेने सा बदलला की औषध उतरतं का? शिवाय हर्ट्झ मोजायचे सेकंदात, आणि सेकंद माणसानेच ठरवलेला.

घरी पेटी असेल तर मुखडा आधी सहावरून वाजवा, मग सातवरून. बोटं भलत्याच पट्ट्यांवर पडतात, चाल तीच. आता उलटा क्रम लावा. गुणोत्तरं तीच, पण मला तरी खाली उतरताना तो दणका कधीच ऐकू येत नाही. आधीचा सा कानात अजून घुमत असतो, आणि या वेळी नवा सा त्याच्या खाली पडलेला असतो.