रोव्ह बीटलच्या नव्या प्रजातीची नोंद: पात्रता, कागदपत्रे आणि संपूर्ण प्रक्रिया

नवी प्रजाती हाती लागल्याची खात्री वाटू लागली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, मंजुरी कुठून घ्यायची? असे कार्यालय कुठेही नाही. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोग नियम करतो आणि नावांवरचे वाद सोडवतो, पण नव्या प्रजातीच्या वर्णनावर शिक्का मारत नाही. नियम असतात आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेत. तिची चौथी आवृत्ती १९९९ मध्ये आली आणि १ जानेवारी २००० पासून लागू झाली. ऑनलाइन प्रकाशनासाठी २०१२ मध्ये तिच्यात दुरुस्ती झाली. संहितेच्या अटी तुमच्या प्रकाशित लेखात पूर्ण झाल्या तर नाव ‘उपलब्ध’, म्हणजे नामकरणासाठी ग्राह्य, ठरते. एखादी आवश्यक अट राहून गेली तर ठरत नाही, आणि तसे कळवणारे पत्रही कोणी पाठवत नाही. थोडक्यात, तुमचा शोधनिबंध हाच अर्ज आणि त्याची छाननीही आधी तुम्हालाच करायची असते.

अर्जदार कोण असू शकतो

कोणीही. संहिता पदवी, नोकरी, संस्थेचे सदस्यत्व यांपैकी काहीच मागत नाही. प्रत्यक्षात लागतो तो चांगला स्टिरिओ सूक्ष्मदर्शक, जुन्या वर्णनांपर्यंत पोहोच आणि त्या गटातल्या अनुभवी माणसाची नजर. एक शिष्टाचार मात्र पाळावा: त्याच प्रजातीवर दुसरे कोणी काम करत असल्याचे माहीत असेल तर आधी त्यांना कळवायचे, आणि त्यांनी वाजवी मुदतीत, म्हणजे किमान एक वर्षात, प्रकाशित केले नाही तरच आपण पुढे जायचे. संहितेच्या नैतिकतेच्या परिशिष्टातच हे सांगितले आहे.

नमुना पात्र आहे का

खरे काम इथे आहे. रोव्ह बीटल म्हणजे स्टॅफिलिनिडी कुलातले भुंगेरे: पुढचे कठीण पंख आखूड, त्यांच्यामागे उघडे, लवचीक उदर. वर्णन झालेल्या प्रजाती ६० हजारांहून जास्त आहेत. एकट्या स्टेनस वंशातच ३ हजारांच्या वर. एवढ्या गर्दीत रंग, आकार आणि ‘वेगळा दिसतो’ यावर काहीच ठरत नाही. नुकताच कोशातून बाहेर आलेला भुंगेरा फिकट असतो, म्हणून रंगावरून नवी प्रजाती ठरवणे हा जुना सापळा आहे. दुसरा सापळा पंखांचा. काही प्रजातींत मागचे, उडण्याचे पंख लांब असलेले आणि आखूड असलेले असे दोन्ही प्रकार आढळतात. अशा आखूड पंखांच्या भुंगेऱ्यात पुढचे कठीण पंखही लहान असतात आणि सातव्या उदरखंडाच्या पाठीवरच्या पट्टीच्या मागच्या कडेची पांढुरकी झालर बहुधा नसते. दोन ठिकाणचे असे दोन नमुने शेजारी ठेवले तर दोन प्रजातीच वाटतात.

निर्णय बहुतेक वेळा नराच्या जननावयवावर, म्हणजे एडीगसवर होतो. त्यामुळे पहिली व्यावहारिक अट: किमान एक पूर्ण वाढ झालेला, न मोडलेला नर हवा. फक्त मादीवरून दिलेले नाव संहितेनुसार वैध असू शकते, पण पुढच्या अभ्यासकाला ते वर्षानुवर्षे अडचणीचे होते. ॲलिओकारिनी या उपकुलात तर नराच्या जोडीला मादीची शुक्रकोशिका (शुक्राणू साठवणारी पिशवी), मुखांगे आणि पायांच्या टोकाशी असलेल्या छोट्या खंडांची संख्याही पाहावी लागते. पुढच्या, मधल्या आणि मागच्या पायांवर ती ४-४-५ आहे, ४-५-५ आहे की ५-५-५, यावर गट बदलतो.

एडीगस काढायची पद्धत अशी. वाळलेला नमुना कोमट पाण्यात, साबणाच्या एका थेंबासह, काही तास मऊ होऊ द्या. दोन बारीक सुयांनी उदराच्या टोकाचे खंड अलग करून एडीगस सोडवा. स्नायू आणि चरबी जाण्यासाठी तो १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवा. गार द्रावणाला रात्रभर लागू शकते, कोमटाला बरेच कमी. दर थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहा. जास्त वेळ गेला तर आतली पातळ पिशवी पारदर्शक होऊन दिसेनाशी होते आणि अनेक वंशांत खरा फरक त्या पिशवीच्या काट्यांतच असतो. नंतर पाण्याने धुऊन सौम्य ॲसेटिक ॲसिडने क्षार उदासीन करा.

एडीगसवर काच दाबू नका. दाबला की बाजूने वक्र असलेला भाग सपाट होतो आणि खालून पाहताना रूपरेषा रुंद दिसते; अशा चित्रांवरून ‘नव्या’ प्रजाती झाल्या आहेत. पारदर्शक कार्डावर युपॅरल या पारदर्शक, घट्ट होणाऱ्या माध्यमाच्या थेंबात, किंवा ग्लिसरीनच्या इवल्याशा कुपीत ठेवून तो त्याच टाचणीवर, नमुन्याच्या खाली लावा. वेगळी स्लाइड केली तर दोन्हींवर एकच क्रमांक हवा. क्रमांक चुकला की होलोटाइप (नावाचा आधार ठरवलेला एकमेव नमुना) आणि त्याचा पुरावा कायमचे वेगळे होतात.

मोजमापातली नेहमीची चूक एकूण लांबीची. या भुंगेऱ्याचे उदर दुर्बिणीसारखे आत-बाहेर होते. मेल्यावर ते आखडले की लांबले यावर आकडा बदलतो. म्हणून डोक्याच्या पुढच्या कडेपासून पुढच्या पंखांच्या मागच्या कडेपर्यंतची लांबी स्वतंत्र द्या. शिवाय डोके, प्रोनोटम (डोक्यामागची पाठीवरची ढाल) आणि पुढचे पंख यांची लांबी-रुंदी, डोळ्याची लांबी आणि त्यामागच्या गालाची लांबी द्या. मोजलेल्या नमुन्यांची संख्याही लिहा.

आधीचे नाव तर नाही?

नवेपणाचा दावा करण्याआधी त्या वंशातील सर्व ज्ञात नावे, समानार्थी ठरवलेली नावे धरून, तपासावी लागतात. कीटकशास्त्रज्ञ हर्मन यांचा २००१ चा जागतिक कॅटलॉग चांगली सुरुवात आहे, पण त्यात सर्व उपकुले नाहीत, ॲलिओकारिनी नाही. २००० नंतरची वर्णने तर वेगळी शोधावीच लागतात. जुनी वर्णने बहुतेकदा लॅटिन, जर्मन किंवा फ्रेंचमध्ये आणि चार-सहा ओळींची असतात, एडीगसचा उल्लेखही नसतो. अशा वेळी मूळ टाइप नमुना, म्हणजे ज्यावरून ते नाव दिले गेले तो नमुना, पाहण्यावाचून पर्याय नाही. संग्रहालयाच्या क्युरेटरला लिहून कर्जाने नमुना किंवा छायाचित्रे मागवा. अनेक संग्रहालये टाइप नमुने टपालाने पाठवत नाहीत. मग तिथे जाऊन पाहणे किंवा छायाचित्रांवर भागवणे एवढेच उरते. टाइपचा एडीगस कोणी काढलेला नसेल तर तो काढायची परवानगी स्वतंत्र आणि लेखी घ्या.

डीएनए संहितेच्या दृष्टीने सक्तीचा नाही. प्रजाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा मदत करतो, पण ठरावीक टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती असा सरळ नियम नाही. डीएनए हवा असेल तर नमुना सुरुवातीलाच ९६ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. इथाइल ॲसिटेटने मारलेला भुंगेरा मऊ राहतो, चिरफाडीला सोपा जातो, पण त्यातला डीएनए खराब होतो.

कागदपत्रे

- गोळा करण्याचा परवाना, आणि नमुना देशाबाहेर नेला असेल तर निर्यात परवानगी. जनुकीय संसाधने आणि त्यांच्या लाभाची वाटणी यांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार, नागोया प्रोटोकॉल, ऑक्टोबर २०१४ पासून लागू आहे. सदस्य देशांच्या स्वतःच्या अटी असतात. परवाना क्रमांक लेखात छापा. नियतकालिके आता तो मागतात, आणि नंतर काढलेला परवाना मागची तारीख भरून काढत नाही.
- नमुन्याचे मूळ लेबल: देश, ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, अधिवास, पकडण्याची पद्धत, गोळा करणाऱ्याचे नाव. महिना रोमन अंकात लिहायची पद्धत आहे, म्हणजे दिवस आणि महिन्याची अदलाबदल होत नाही. लेखात होलोटाइपचे लेबल जसेच्या तसे, ओळी तिरक्या रेघेने वेगळ्या करून द्या.
- होलोटाइप स्वीकारण्यास तयार असलेल्या संग्रहालयाचे पत्र आणि नोंदणी क्रमांक.
- पूर्ण भुंगेरा वरून, एडीगस खालून आणि बाजूने, नराच्या आठव्या उदरखंडाची खालची बाजू, अशी मोजपट्टीसह छायाचित्रे किंवा रेखाटने.

लेखात असायलाच हव्यात अशा गोष्टी

नाव नवे असल्याचे स्पष्ट म्हटलेले हवे. ‘स्पीशीज नोव्हा’ किंवा त्याचे संक्षिप्त रूप पुरेसे आहे. प्रजाती वेगळी ओळखता येईल अशा लक्षणांचे वर्णन शब्दांत हवे. नुसते चित्र चालत नाही. एकच होलोटाइप निःसंदिग्धपणे निश्चित केलेला हवा, आणि तो कोणत्या संग्रहात जमा आहे किंवा होणार आहे हे सांगताना त्या संग्रहाचे नाव आणि ठिकाण दोन्ही हवीत. ठिकाण गाळणे ही अगदी साधी, वारंवार होणारी चूक आहे. लाल लेबलाची प्रथा आहे, पण होलोटाइप ठरतो तो लेखातल्या वाक्याने. होलोटाइपबरोबर अभ्यासलेले बाकीचे नमुने पॅराटाइप (जोडीचे टाइप नमुने) करताना जरा हात आखडता घ्या. त्यांत दुसरी प्रजाती मिसळलेली निघाली तरी नाव होलोटाइपबरोबरच राहते. गोंधळ मात्र सगळ्या संग्रहालयांत पसरलेला असतो.

नाव लॅटिन वर्णमालेतच, उच्चारचिन्हांशिवाय. विशेषण असेल तर वंशनामाच्या लिंगाशी जुळले पाहिजे: स्टेनस आणि फिलॉन्थस पुल्लिंगी, ॲथेटा आणि ॲलिओकारा स्त्रीलिंगी. म्हणून काळ्या रंगासाठी स्टेनसबरोबर नायगर, ॲथेटाबरोबर नायग्रा. शब्द विशेषण आहे की नाम हे व्युत्पत्तीत लिहून टाका, म्हणजे पुढे वंश बदलला तरी शेवट बदलायचा की नाही हे कळेल. व्यक्तीच्या सन्मानार्थ नाव असेल तर शेवट असा: एक पुरुष असल्यास ‘आय’ हे अक्षर, एक स्त्री असल्यास ‘ए-ई’, अनेक स्त्रिया असल्यास ‘आरम’, अनेक पुरुष किंवा स्त्री-पुरुष मिळून असल्यास ‘ओरम’. त्याच वंशात तेच नाव आधी कोणी दिले आहे का हे तपासाच. तसे असेल तर तुमचे नाव समनाम म्हणून बाद होते आणि बदली नाव कोणीही देऊ शकते.

झूबँक नोंदणी

झूबँक ही आयोगाची प्राणिनामांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही. कागदी छापील लेखाला ही नोंदणी सक्तीची नाही, फक्त ऑनलाइन लेखाला आहे, आणि ती मोफत आहे. खाते उघडून लेख नोंदवा. नोंदीत नियतकालिकाचा आयएसएसएन क्रमांक आणि लेख कायम जपणाऱ्या, प्रकाशकाहून वेगळ्या असलेल्या संग्रहाचे नाव व संकेतस्थळ भरलेले हवे. मिळालेला नोंदणी क्रमांक लेखातच छापा आणि प्रकाशनाची तारीखही लेखातच असू द्या. सक्ती लेखाच्या नोंदणीची आहे. प्रत्येक नव्या नावाची वेगळी नोंद ऐच्छिक असली तरी ती करावीच, कारण पुढे शोधणारे नावच शोधतात. अनेक नियतकालिके हे काम स्वतः करतात. तरी अंतिम प्रूफमध्ये क्रमांक आहे का ते स्वतः पाहा.

नाव कुठे अडकते

अंतिम रूपाआधी ऑनलाइन टाकलेल्या प्राथमिक आवृत्तीतून नाव प्रकाशित झाले असे धरत नाहीत. परिषदेतल्या सहभागींना वाटलेल्या सारांशातूनही नाही. तरी अशा ठिकाणी नाव लिहू नका, कारण ते फिरू लागते आणि दुसरे कोणी ते वर्णनाशिवाय वापरते. प्रबंधात ‘प्रजाती अ’ असे लिहा. वर्णनाचा किंवा टाइपचा कोणताही भाग ऑनलाइन पुरवणी फाइलमध्ये ढकलू नका. सगळे मूळ लेखात ठेवा. ‘बहुधा नवी, तसे ठरल्यास हे नाव द्यावे’ अशी सशर्त भाषा तर अजिबात नको. १९६० नंतर सशर्त सुचवलेले नाव उपलब्ध होत नाही.

लेख आल्यावर होलोटाइप ठरलेल्या संग्रहालयात लगेच पाठवा, पोचपावती घ्या, आणि पॅराटाइप शक्यतो एकाहून जास्त संस्थांत वाटा. झूबँकवर अंतिम खंड, पाने आणि तारीख भरून नोंद पूर्ण करा. कर्जाने आणलेले टाइप नमुने मुदतीत, तपासनीस म्हणून तुमचे ओळख-लेबल लावून परत करा.