टर्नरी ऑपरेटर आला कुठून?

गुण >= ३५ ? "पास" : "नापास". अट खरी ठरली तर प्रश्नचिन्हानंतरची किंमत, नाहीतर कोलननंतरची; अट आणि दोन पर्याय असे तीन भाग, हाच टर्नरी ऑपरेटर. एवढ्यावर भागतं, पाच ओळींचा इफ-एल्स लिहावा लागत नाही. म्हणून बहुतेकांना टर्नरी ऑपरेटर ही टायपिंग वाचवायची युक्ती वाटते. त्याची सुरुवात मात्र बुद्धिबळापासून झाली.

१९५७-५८मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी आयबीएम ७०४ या संगणकासाठी फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेत बुद्धिबळाच्या वैध चाली शोधणारा कोड लिहीत होते. तेव्हाचा फोरट्रानचा इफ भलताच अवघड: आकडा ऋण, शून्य की धन ते बघायचं आणि त्यानुसार तीनपैकी एका क्रमांकाच्या ओळीवर उडी मारायची. मॅकार्थींनी त्यावर एक्सआयएफ नावाचं फंक्शन काढलं. त्याला तीन गोष्टी द्यायच्या. पहिली शून्य आहे की नाही यावरून उरलेल्या दोनपैकी एक परत मिळायची. कोड आटोपशीर झाला, पण एक गोची होती. शेवटी ते साधं फंक्शनच, त्यामुळे एकच पर्याय हवा असला तरी आधी दोन्हींची आकडेमोड व्हायची. म्हणून लागेल तेवढाच पर्याय मोजणारी खरी सशर्त पदावली (अटीनुसार किंमत देणारी रचना) त्यांनी मांडली. माझ्या मते मोठा शोध हाच. ती लिस्प भाषेत आली, अल्गोल ६० भाषेतही आली.

चिन्हं नंतरची. मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएल भाषेत बाण आणि स्वल्पविराम होता. केन थॉम्पसन यांच्या बी भाषेत प्रश्नचिन्ह आणि कोलन आले, तिथून सीमध्ये, आणि सीमुळे सगळीकडे. पीएचपी भाषेने मात्र एकात एक घातलेले टर्नरी डावीकडून जोडून (म्हणजे डावीकडचा आधी सोडवून, त्याचं उत्तर पुढच्याची अट धरून) भल्याभल्यांना चकवलं; ८.० आवृत्तीपासून (२०२०) तिथे कंस नसेल तर सरळ एरर येते.

पायथॉनमध्ये तर बरीच वर्षं टर्नरी नव्हताच. लोक अँड-ऑरची जोडी लावून काम भागवत. समजा, सभासदाला शुल्क ०, इतरांना १००. 'सभासद अँड ० ऑर १००' असं लिहिलं की सभासदालाही १०० रुपये पडतात, कारण पायथॉनच्या हिशेबी शून्य म्हणजे असत्य, आणि डावीकडचं असत्य असलं की ऑर उजवीकडची किंमत देतो. २००३मध्ये टर्नरी आणण्यासाठी पेप ३०८ हा प्रस्ताव आला, मतदान झालं, पण एकमत काही होईना. अखेर २००५मध्ये पायथॉनचे जनक खिदो फान रॉसम यांनीच निर्णय दिला आणि २००६च्या २.५ आवृत्तीत 'पास इफ गुण >= ३५ एल्स नापास' अशी रचना आली. अट मधोमध! सीवाल्यांना ती आजही खटकते.

गो भाषेने टर्नरी मुद्दाम वगळला. तो वापरून लिहिलेला अगम्य कोड तिच्या कर्त्यांनी फार पाहिला होता. रस्ट आणि कॉटलिन या भाषांमध्ये इफच किंमत परत देतो, त्यामुळे तिथे वेगळ्या चिन्हाची गरजच पडली नाही.