‘आपोआप’ हा शब्द कुठे गळला?

भगतसिंह कोश्यारी हे नाव महाराष्ट्राला आठवते ते राजभवनामुळे आणि नोव्हेंबर 2019 मधल्या त्या पहाटेच्या शपथविधीमुळे. माजी सैनिकांना मात्र हे नाव त्याच्या आठ वर्षे आधीपासून पाठ आहे. तेव्हा कोश्यारी राज्यसभेच्या याचिका समितीचे अध्यक्ष होते. 19 डिसेंबर 2011 रोजी या समितीने ‘वन रँक वन पेन्शन’वरचा अहवाल सभागृहात मांडला. त्यातली व्याख्या थोडक्यात अशी: एकाच हुद्द्यावरून आणि सारखीच सेवा करून निवृत्त झालेल्यांना, ते कोणत्याही तारखेला निवृत्त झालेले असोत, सारखेच निवृत्तिवेतन मिळावे, आणि पुढे दरात जी वाढ होईल ती जुन्या निवृत्तांनाही आपोआप लागू व्हावी.

त्यातल्या ‘आपोआप’वर पुढची सगळी लढाई झाली, आणि लोकप्रतिनिधी सैनिकांना दिलेला शब्द कसा पाळतात, किंवा कसा वळवून घेतात, याचा माग काढायचा तर हाच शब्द धरून मागे-पुढे गेलेले बरे.

आधी मुळात भानगड काय, ते. शिपाई म्हणून भरती झालेला जवान साधारण पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो. सैन्य तरुण राहावे म्हणून सरकारनेच तसा नियम ठेवला आहे. बरोबरीचा सरकारी कारकून साठीपर्यंत नोकरी करतो, त्याला तीन-तीन वेतन आयोगांचा फायदा नोकरीतच मिळतो आणि वाढलेल्या शेवटच्या पगारावर त्याचे पेन्शन ठरते. जवानाचे पेन्शन ठरते ते ऐन उमेदीत थांबलेल्या पगारावर. पुढे आयोग येतात, पगार वाढतात, आणि त्याच पलटणीतून, त्याच हुद्द्यावरून वीस वर्षांनी निवृत्त झालेला धाकटा त्याच्यापेक्षा बरेच जास्त पेन्शन घेऊन गावात येतो. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या, घराघरात फौजी असलेल्या गावात हा फरक समजायला आयोगाचा अहवाल वाचावा लागत नाही. बँकेच्या रांगेतच तो कळतो.

या तक्रारीचे मूळ सांगताना माजी सैनिकांच्या संघटना 1973 सालावर बोट ठेवतात. तोवर सेनादलांचे वेतन स्वतंत्रपणे ठरत असे. तिसऱ्या वेतन आयोगाने पहिल्यांदाच सैनिकांना मुलकी कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने एका आयोगाखाली आणले. संघटनांच्या मांडणीनुसार, त्याआधी जवानाला शेवटच्या पगाराच्या 70 टक्के आणि अधिकाऱ्याला 50 टक्के पेन्शन मिळे, तर मुलकी कर्मचाऱ्याला 30 टक्के. आयोगानंतर सगळे 50 टक्क्यांवर आले, तेही पूर्ण 33 वर्षांच्या सेवेच्या हिशेबाने, आणि जवान तर पंधरा-सतरा वर्षांतच बाहेर पडायचा. बांगलादेश युद्ध जिंकून जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. गणवेशातला माणूस मोर्चा काढत नाही, संप करत नाही, वर्तमानपत्रात पत्र लिहीत नाही. त्यामुळे ज्या सरकारच्या काळात हे घडले त्याला कोणी जाबही विचारला नाही.

(याच 1973च्या जानेवारीत सॅम माणेकशॉ फील्ड मार्शल झाले. फील्ड मार्शल तहहयात सेवेत मानला जातो आणि पूर्ण पगाराचा हक्कदार असतो. त्यांची थकबाकी, एक कोटी रुपयांहून अधिक, त्यांच्या हाती पडली ती 2007 मध्ये, वयाच्या 93व्या वर्षी. पुढच्या वर्षी ते वारले. तमिळनाडूतल्या वेलिंग्टनला झालेल्या अंत्यसंस्काराला ना पंतप्रधान गेले ना संरक्षणमंत्री. राज्यमंत्री पाठवले होते. फील्ड मार्शलची ही कथा, तर हवालदाराचे काय, हे वेगळे सांगायला नको.)

डिसेंबर 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्याचा निकाल दिला. पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेतून मिळालेला हक्क आहे, आणि केवळ निवृत्तीच्या तारखेवरून निवृत्तांचे दोन तुकडे पाडता येणार नाहीत, असे पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले. अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते. पुणे जिल्ह्यातल्या कनेरसरचे हे घराणे या गोष्टीत पुन्हा भेटणार आहे. माजी सैनिकांना वाटले, आता सुटलो. पण 1991 मध्ये त्याच न्यायालयाने माजी सैनिकांच्या संघटनेच्या याचिकेवर स्पष्ट केले की नाकराचा अर्थ ‘सर्वांना सारखीच रक्कम’ असा होत नाही. म्हणजे चेंडू पुन्हा राज्यकर्त्यांच्या अंगणात.

तिथे समित्यांचे पीक जोमात होते. 1984 मध्ये के. पी. सिंहदेव समितीने मागणी रास्त ठरवली. 1991 मध्ये शरद पवार संरक्षणमंत्री असताना त्यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती बसली. तिच्या शिफारशीवरून 1 जानेवारी 1992 पासून जुन्या निवृत्तांना एकदाच वाढ देण्यात आली. दिल्लीच्या भाषेत तिचे नावच ‘वन टाइम इन्क्रीज’. माझ्या मते पवारांच्या समितीने जे दिले ते खरोखरच उपयोगाचे होते, पण त्यातून एक पायंडाही पडला: मूळ मागणी मान्य करायची नाही, नाकारायचीही नाही, काही रुपये वाढवून फाइल मिटवायची. पुढच्या सर्व पक्षांच्या सरकारांनी तोच कित्ता गिरवला. वाजपेयींचे सरकार सहा वर्षे होते, कारगिलही त्याच काळातले. तरी हे काम झाले नाही. 2009च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जींनी जवान आणि जेसीओंच्या (म्हणजे सुभेदारासारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या) जुन्या पेन्शनमध्ये सुधारणा केली. बारा लाखांहून अधिक लोकांना लाभ, वर्षाला 2,100 कोटींहून अधिक खर्च. ‘वन रँक वन पेन्शन’ हे शब्द मात्र टाळले.

तोवर चित्र पालटले होते. 2008च्या सहाव्या वेतन आयोगाने जुन्या-नव्यातली दरी आणखी रुंद केली. 1996 पूर्वी निवृत्त झालेल्या मेजर जनरलना त्यानंतर निवृत्त झालेल्या ब्रिगेडियरपेक्षा कमी पेन्शन मिळते, हे प्रकरण त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले, मेजर जनरलच्या बाजूने. त्याच वर्षी ‘इंडियन एक्स-सर्व्हिसमेन मूव्हमेंट’ उभी राहिली आणि 2009च्या सुरुवातीला वृद्ध माजी सैनिक हजारोंच्या संख्येने आपली पदके राष्ट्रपतींना परत करू लागले. पन्नास-साठ वर्षे जी माणसे ‘जय हिंद साहेब’पलीकडे सरकारशी बोलली नव्हती, ती दिल्लीच्या रस्त्यावर बसली. माजी सैनिक हा मतदार आहे, हे तेव्हा राजकीय पक्षांच्या लक्षात आले.

13 सप्टेंबर 2013 रोजी भाजपने नरेंद्र मोदींना पंतप्रधानपदाचे उमेदवार जाहीर केले आणि दोनच दिवसांनी हरियाणातल्या रेवाडीत त्यांची पहिली मोठी सभा झाली, ती माजी सैनिकांची. व्यासपीठावर माजी लष्करप्रमुख व्ही. के. सिंह होते. मोदींनी या मागणीवर श्वेतपत्रिका मागितली आणि 2004 मध्ये वाजपेयी पुन्हा आले असते तर प्रश्न सुटला असता, असे सांगितले. रेवाडीचा टोला दिल्लीत बसला. 17 फेब्रुवारी 2014 रोजी, निवडणूक दारात असताना, पी. चिदंबरम यांनी अंतरिम अर्थसंकल्पात तत्त्वतः मान्यता जाहीर केली आणि 500 कोटी ठेवले. दहा वर्षे सत्तेत असलेल्या सरकारला शेवटच्या तीन महिन्यांत जाग आली. भाजपच्या जाहीरनाम्यातही आश्वासन आले. नव्या सरकारच्या जुलै 2014 मधल्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी आणखी 1,000 कोटी दिले.

हे आकडे ज्याने त्याने आपल्या सोयीने घेतले होते. कोश्यारी समितीला वार्षिक खर्च 1,300 कोटी सांगण्यात आला होता. 2015 मध्ये सरकार 8,000 ते 10,000 कोटी सांगू लागले. मधल्या काळात मूळ मागणीत काहीच भर पडली नव्हती. खर्चाचा खरा अंदाज न काढताच दोन्ही पक्षांनी मते मागितली, असाच याचा अर्थ.

नोव्हेंबर 2014 मध्ये गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री झाले आणि हे लचांड त्यांच्या गळ्यात आले. 15 जून 2015 पासून जंतरमंतरवर साखळी उपोषण सुरू झाले. 14 ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या बंदोबस्ताच्या नावाखाली, पोलिसांनी उपोषणकर्त्यांना हटवण्याचा प्रयत्न केला. सत्तरी ओलांडलेल्या, छातीवर पदके लावलेल्या माणसांशी झालेली झटापट देशभर दिसली. सेनादलांच्या दहा माजी प्रमुखांनी पंतप्रधानांना खुले पत्र लिहिले. दरवर्षी पेन्शन बदलणे जगात कुठेच होत नाही, असे जेटली सांगत होते. हा मुद्दा रेवाडीच्या सभेत कोणाला सुचला नव्हता.

अखेर 5 सप्टेंबर 2015 रोजी पर्रीकरांनी घोषणा केली. 1 जुलै 2014 पासून लागू, 2013 हे आधारवर्ष, त्या वर्षी निवृत्त झालेल्यांच्या किमान आणि कमाल पेन्शनची सरासरी, थकबाकी चार सहामाही हप्त्यांत (वीरपत्नी आणि कुटुंब पेन्शनधारकांना एकरकमी), आणि दर पाच वर्षांनी फेरनिश्चिती. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना वगळले होते; त्यावर गदारोळ झाल्यावर दुसऱ्याच दिवशी फरिदाबादच्या सभेत पंतप्रधानांना खुलासा करावा लागला. श्रेय द्यायचे तर द्यावेच लागेल: बेचाळीस वर्षे जे कोणी केले नव्हते ते या सरकारने केले, आणि लाखो घरांत पैसे पोचले.

पण 7 नोव्हेंबरचे शासकीय पत्र निघाले तेव्हा माजी सैनिकांनी पहिल्यांदा व्याख्या वाचली. ‘आपोआप’ नव्हता. त्या जागी जुन्या-नव्या दरांतली तफावत ‘ठरावीक अंतराने’ भरून काढण्याची भाषा आली होती. पाच वर्षांच्या अंतरात नवा निवृत्त पुन्हा जुन्याच्या पुढे जाणार, म्हणजे एकाच हुद्द्याला दोन पेन्शन पुन्हा सुरू. उपोषण उठले नाही. 1 नोव्हेंबर 2016 रोजी हरियाणातल्या एका निवृत्त सुभेदाराने दिल्लीत जीव दिला. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरच्यांना भेटू पाहणाऱ्या विरोधी नेत्यांची धरपकड झाली. सुभेदाराला नेमके किती पेन्शन मिळत होते आणि का कमी, हा प्रश्न त्या धुमश्चक्रीत बाजूलाच पडला. 2017च्या ऑक्टोबरअखेर, हरित लवादाच्या आदेशावर बोट ठेवून, जंतरमंतर रिकामे करण्यात आले.

आता न्यायालय. या व्याख्येविरुद्ध माजी सैनिकांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. 16 मार्च 2022 रोजी त्यावर निकाल देणाऱ्या पीठाचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, नाकरा निकालातल्या सरन्यायाधीशांचे चिरंजीव. सुनावणीत त्यांनी सरकारला सुनावले होते की तुमच्या गाजावाजामुळे प्रत्यक्षात मिळते त्यापेक्षा कितीतरी गुलाबी चित्र उभे राहिले. पण निकाल सरकारच्या बाजूने लागला. संसदीय समितीचा अहवाल म्हणजे सरकारचे धोरण नव्हे, आणि नोव्हेंबर 2015च्या धोरणात घटनेच्या दृष्टीने खोट नाही, असे न्यायालय म्हणाले. कायद्याच्या चौकटीत हे बरोबरच असावे. सभेत दिलेला शब्द न्यायालयात चालवता येत नाही, त्याची वसुली मतपेटीतूनच करायची असते.

एक गोष्ट मात्र न्यायालयाने पकडून ठेवली. ‘दर पाच वर्षांनी’ असे सरकारनेच लिहिले होते ना? मग 1 जुलै 2019ची फेरनिश्चिती कुठे आहे? ती झालीच नव्हती. तीन महिन्यांत थकबाकी द्या, असा आदेश झाला. सरकारने मुदतवाढी घेतल्या. 23 डिसेंबर 2022 रोजी मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, लाभार्थी 25 लाखांहून अधिक. जानेवारीत संरक्षण मंत्रालयाने परस्पर चार हप्त्यांचे पत्र काढले. तेव्हा सरन्यायाधीश झालेल्या चंद्रचूडांनी मंत्रालयाला कायदा हातात घेता येणार नाही असे बजावले, 20 मार्च 2023 रोजी सरकारने पुढे केलेला बंद लिफाफा घ्यायला नकार दिला आणि वेळापत्रकच घालून दिले: कुटुंब पेन्शनधारक व शौर्यपदकविजेत्यांना 30 एप्रिलपर्यंत, सत्तरीपुढच्यांना 30 जूनपर्यंत, बाकीच्यांना फेब्रुवारी 2024 अखेरपर्यंत तीन हप्त्यांत.

इतक्या वर्षांत या प्रश्नावर एकाही मंत्र्याची खुर्ची गेली नाही, हे नोंदवायला हवे. मुंबईत ‘आदर्श’ प्रकरण गाजले तेव्हा अशोक चव्हाणांना काही आठवड्यांत, नोव्हेंबर 2010 मध्ये, मुख्यमंत्रिपद सोडावे लागले होते. कारगिलच्या वीरपत्नींच्या हक्काची जागा लाटली, अशी लोकांची समजूत होती. ती जमीन त्यांच्यासाठी राखीव नव्हती, असे पुढे चौकशी आयोगाने सांगितले, पण तोवर जायचे ते गेले होते. कुलाब्यात 31 मजल्यांची इमारत कोणालाही दिसते. पेन्शनच्या तक्त्यातला सेवेच्या वर्षांचा रकाना आणि त्यापुढची सरासरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर बसून, चष्मा पुसत शोधावी लागते.

2022 मध्येच, निकालानंतर तीन महिन्यांनी, 14 जूनला ‘अग्निपथ’ योजना जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, त्यातले 25 टक्के कायम, उरलेल्यांना सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी आणि पेन्शन नाही. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात संरक्षण पेन्शनसाठी जवळपास 1.20 लाख कोटी रुपये होते. पेन्शन वाचवण्यासाठी ही योजना नाही, असे सरकार म्हणते. या अग्निवीरांपुरता ‘वन रँक वन पेन्शन’चा प्रश्न निकालात निघाला आहे, कारण व्याख्येत बसायला पेन्शनच उरलेले नाही. पहिली तुकडी 2026-27 च्या सुमारास घरी येऊ लागेल.

तिसरी फेरनिश्चिती 1 जुलै 2024 पासून लागू झाली. 2014, 2019, 2024: तिन्ही वर्षे लोकसभा निवडणुकीची, आणि फेरनिश्चितीची तारीख दरवेळी निकाल लागून महिनाभर झाल्यावरची. 2019 मध्ये ती तारीख तशीच उलटून गेली तेव्हा मतमोजणी होऊन गेली होती. पुढची तारीख 1 जुलै 2029 आहे.