झोपाळ्याचा तुटका खांब आणि उलटा होणारा भोवरा

वडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी संखेड्याचा, म्हणजे लाखेच्या कातीव फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेल्या गुजरातेतल्या गावचा, एक जुना झोपाळा होता. त्याच्या कठड्याचा कातीव खांब तुटला. बाकी लाकूड भंगारात गेलं, हा सागवानी तुकडा मात्र मी ठेवून घेतला आणि ओळखीच्या खरादीकाकांच्या लेथवर नेला. काकांनी आधी त्यावरून लोहचुंबक फिरवलं. जुन्या लाकडात खिळा दडलेला असला तर पटाशीचं वाटोळं होतं.

करायचा होता भोवरा, पण फिरताफिरता उलटा होऊन स्वतःच्या दांड्यावर उभा राहणारा.

40 मिलिमीटर व्यासाचा गोळा घ्यायचा, वरची टोपी कापायची आणि आतून पोखरायचं. लेथ मिनिटाला 1500 फेरे घेत असेल तर गोळ्याचा काठ सेकंदाला तीन मीटर, म्हणजे दमादमानं धावणाऱ्या माणसाच्या वेगानं, पटाशीसमोरून जातो. शर्टाच्या बाह्या वर करा, ओढणी-मफलर दूर ठेवा. दांडा वेगळा, तुटक्या लाटण्याच्या मुठीचा. तो हलकाच हवा.

सगळी मेख या पोखरण्यात आहे. वरचं लाकूड काढलं की गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटल्यासारखं असतं तो बिंदू, गोळ्याच्या केंद्राच्या खाली उतरतो. तो उतरलाय का, हे बघणं सोपं आहे : भोवरा आडवा करून सोडायचा. लवंडली तरी पुन्हा उभी राहणारी बाहुली असते ना, तसा तो उठला पाहिजे. माझा पहिला उठला नाही, पोखरायला मी कचरलो होतो. दुसरा उठला.

मग लाख. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनंच ती मऊ होऊन पसरते, आणि केवड्याचं पान दाबून धरलं की तकाकी येते. शेगडी लागत नाही.

तेच घर्षण पुढे भोवऱ्याला उलटवतं. जोरात फिरवलेला भोवरा जरासा कलतो. गुरुत्वमध्य आणि गोळ्याचं केंद्र एका जागी नसल्यानं तो जमिनीवर नुसता गिरक्या घेत नाही, घसरतोही. या घसरण्याला जमीन विरोध करते आणि त्या रेट्यानं भोवरा आणखी कलत जातो. शेवटी दांडा खाली टेकतो, आणि जड भाग चक्क वर चढतो! वर चढायला लागणारी ऊर्जा फिरण्याच्या वेगातून येते, म्हणून उलटल्यावर तो मंद झालेला दिसतो.

गंमत पुढेच आहे. वरून पाहिलं तर उलटण्याआधी आणि नंतरही तो त्याच दिशेनं फिरतो. पण आता तो डोक्यावर उभा आहे, म्हणजे त्याच्या स्वतःच्या हिशेबानं दिशा उलटली! मधे कुठेतरी, आडवा असताना, स्वतःच्या दांड्याभोवतीचं त्याचं फिरणं क्षणभर थांबून उलट सुरू होतं. हे डोळ्यांनी पकडता येत नाही. पोरांनी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घेतलं, तेव्हा मला पटलं.

1950 च्या दशकात स्वीडनमधल्या लुंड इथे नील्स बोर आणि वोल्फगांग पाउली, दोघंही नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ, वाकून असाच भोवरा बघतायत असा एक फोटो आहे. आमचे काकाही तसेच वाकले होते. गुजरातीत म्हणाले, "अरे, आ तो ऊंधो ऊभो रह्यो!" म्हणजे, हा तर उलटा उभा राहिला!

दांड्याच्या टोकाची लाख आता घासून उडालीय. पुढच्या भोवऱ्याला तिथे लावणारच नाही.